रिकाम्या जागेतला औदुंबर

अंबरनाथ,
माघ वद्य नवमी, शके १८७६

सौ. वृंदावहिनींच्या पायांवर अंजनीने डोके ठेवले आहे असे समजावे. दादांच्याही पायांवर ठेवलेच आहे, पण हे पत्र त्यांना वाचून दाखवू नये. ते मध्येच हसतात आणि मग पुढचे ऐकत नाहीत. अंबरेश्वराच्या कृपेने येथे सगळे धडधाकट आहेत. यांचा खोकला गेला, माझे गुडघे होते तसेच आहेत. तुमच्या पित्ताचे कसे काय? सोबत आवळासुपारी धाडली आहे, ती जेवणानंतर घ्यावी आणि बरणी रिकामी झाली की येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर परत पाठवावी. (झाकण त्याच बरणीचे असावे. मागच्या खेपेस दुसरे आले, ते अजून कशालाच बसलेले नाही.)

पत्र लिहिण्याला विशेष कारण असे नाही. तुमचे धाकटे बंधू अनंतराव वसंतपंचमीला आमच्या पंगतीतून न जेवता गेले, हे त्यांच्या तोंडून तुम्हाला कळलेच असेल, ते आमच्या तोंडूनही कळावे एवढेच. शत्रूसुद्धा आमच्याकडून उपाशी गेलेला नाही, आणि अनंतराव तर घरचे. पण झाले काय, हे मला स्वतःलाच नीट समजलेले नाही. लिहिता लिहिता समजले तर तुमच्याबरोबर मलाही कळेल.

आमच्या चाळीमागचे माळरान तुम्ही पाहिले आहे. लढाईच्या दिवसांत तिथे लष्कराच्या मोटारी उभ्या असत. त्या गेल्या आणि पाठोपाठ सिंधमधून आलेल्या मंडळींचे तंबू पडले. त्यांना कॅम्पात बराकी मिळाल्यावर पालेगावची गुरे आली, ती अजून अधूनमधून येतात. मोटारी गेल्या, तंबू गेले, गुरांनीही खोड घासून घासून पाहिले, पण माळाच्या मध्यावरचा औदुंबर जागचा हलला नाही. यांना विषमज्वर झाला त्या वर्षी मी त्याच औदुंबराला सव्वा लाख प्रदक्षिणा बोलले. (बोलताना मन थाऱ्यावर नव्हते, नाहीतर अकरा हजारांतही भागले असते असे नंतर जोशी गुरुजींनी सांगितले. पण ताप उतरला तो सव्वा लाखाच्या बोलीवर, आता कमी कसे करणार?) त्यांतल्या निम्म्याच्या थोड्या पुढे मी आले आहे.

पुढे त्या जागेत सार्वजनिक बाग करायचे ठरले, आमचे विष्णुपंत बागमंडळाचे अध्यक्ष झाले आणि हे चिटणीस. विष्णुपंतांच्या मनात मधोमध कारंजे, चार बाजूंना चार रस्ते आणि कोपऱ्यात झोपाळे, असे सरळ काम होते. पण तुम्ही दिवाळीत म्हणालात की आमचा अनंता परदेशात इमारतींचे आणि बागांचे शिकून आला आहे, नात्यातले काम आहे, नुसत्या चहावर नकाशा काढून देईल. चहावर, हे ऐकून मीच यांच्या मागे लागले. तेव्हा दोष असलाच तर थोडा माझ्याकडेही येतो, हे मी आधीच सांगून ठेवते.

अनंतरावांनी नकाशा आमच्याच घरी उलगडला. त्याची टोके वर येत होती म्हणून एका बाजूला पोळपाट, दुसरीकडे तेलाची बुधली ठेवली. वहिनी, त्या अख्ख्या कागदावर एकही रेघ सरळ नाही. फाटकातून रस्ता निघतो तो बाग सोडून सगळीकडे जातो. एक भिंत आहे, तिला ना छप्पर ना सोबतीला दुसरी भिंत, आणि मधोमध चौकोनी भोक. मी विचारले की ही कशाला, तर म्हणाले, त्यातून मलंगगडाचे डोंगर दिसतात. डोंगर भिंत नसतानाही दिसतात असे मी म्हटले, त्यावर ते फार समजूतदारपणे हसले. तळे आहे ते काजूच्या आकाराचे. आणि काजूच्या पोटात, जिथे आपला औदुंबर, तिथे कागदावर नुसते पांढरे. मी बोट ठेवून विचारले, इथे काय?

“अंजनीताई, तिथे काहीच नाही. तेच तिथलं मुख्य आहे.”

हे मी कीर्तनात ऐकलेले आहे, शेवटी सगळे शून्य म्हणून. त्यामुळे तुमच्या भावाला बागकाम येते की ब्रह्मज्ञान झाले आहे, हे मला त्या दिवसापासून ठरवता आलेले नाही. पण कीर्तनकार शून्य सांगून झाले की आरती फिरवतात, झाड तोडायला सांगत नाहीत. अनंतरावांनी शांतपणे सांगितले की मोकळी जागा मोकळीच हवी, झाड काढावे लागेल. यांना मी डोळ्यांनी खुणावले, पण हे चिटणीस. नकाशावर वरच्या कचेरीचा शिक्का बसला की नकाशात नसलेले जमिनीवर राहता कामा नये, असे यांचे म्हणणे. गुरुजींना विचारले, अर्ध्या संकल्पात झाड गेले तर काय करायचे, तर म्हणाले उरलेल्या मनातल्या मनात घाला. मी दोन दिवस करून पाहिले. मनात फेऱ्या चालू असल्या की तव्यावरची पोळी करपते, आणि फेरी पोळीच्या आधी संपली की नंतर, तेही कळत नाही.

असो. वसंतपंचमीला भूमिपूजन आणि मागाहून सगळ्यांना प्रसादाचे जेवण, असा बेत होता. पंगतीची जबाबदारी माझ्यावर आणि शेजारच्या इंदुबाईंवर. सकाळी जाऊन पाहते तर माळभर पांढऱ्या फक्कीच्या रेघा ओढलेल्या. मला वाटले मंडळाच्या माळ्याने, सदूने, पंगतीसाठी आखून दिले. आपल्याकडे पंगतीच्या आधी रेघा आखतातच की. आता रेघा वेड्यावाकड्या होत्या हे दिसत होते, नाही असे नाही. इंदुबाई म्हणाल्यासुद्धा, “अंजनीबाई, ही काय पंगत म्हणायची की नागोबा?” पण या बागेत जे वाकडे ते अनंतरावांच्या सांगण्यावरून, इतके मला एव्हाना कळले होते, म्हणून मी त्यांना सांगितले की विलायतेत असेच बसत असतील. आणि वांगणीकडून चंद्रीने आणलेल्या पत्रावळी आम्ही त्या रेघांवरून मांडत गेलो.

वहिनी, सरळ पंगतीत वाढपी या टोकाकडून त्या टोकाला जातो आणि परततो. इथे टोकच सापडेना. मीठ वाढणारी काशी निघाली ती वळणावळणाने परत पहिल्याच माणसाकडे आली, त्याच्या पानात मिठाचा डोंगर झाला. काजूच्या आत बसलेल्यांना वरण तीनदा मिळाले, भात एकदाही नाही, बाहेर बसलेल्यांना नेमके उलट. आतल्यांनी मग पलीकडच्यांशी पाठीमागच्या पाठीमागे देवघेव सुरू केली. विष्णुपंतांना अध्यक्ष म्हणून रेघ संपते त्या मानाच्या जागी बसवले, तर ती जागा त्या भोकाच्या भिंतीसाठी आखलेली. त्यांच्याकडे कोणाचेही तोंड नव्हते. ते बिचारे एकटेच डोंगराकडे पाहून श्लोक म्हणत होते.

जेवणे होत आली तेव्हा अनंतराव मुंबईहून पोहोचले. सोबत गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक गृहस्थ. अनंतराव विटांच्या ढिगावर चढले आणि तिथेच थांबले. त्यांचा सबंध नकाशा जमिनीवर उतरला होता आणि मठ्ठा पीत होता. मला वाटले, आनंद झाला असेल. इतक्यात हात धुऊन लोक उठले आणि वामकुक्षीला म्हणून एकूण एक औदुंबराखाली आडवे झाले, कारण दुसरी सावली आहे कुठे? मुख्य मोकळी जागा म्हणतात ती अशी गच्च भरली की डोक्याला डोके. अनंतराव खाली उतरून विष्णुपंतांना एवढेच म्हणाले, “इथे कोणी बसायचं नव्हतं हो.”

“मग बसायचं कुठं?” विष्णुपंतांनी अगदी खरेपणाने विचारले. त्यांना खरोखरच तोवर नीट बसायला मिळाले नव्हते.

मी त्यांचे पान वाढले होते, जिलब्याही वेगळ्या ठेवल्या होत्या. अनंतराव पानाकडे न पाहता नकाशाची गुंडाळी घेऊन स्टेशनाकडे चालू लागले. कॅमेरावाले मात्र जेवून गेले आणि दोनदा जिलबी घेतली.

इथपर्यंत माझे चुकले असे मला वाटत नाही. यापुढचे मात्र मला सांगता येत नाही. पंगत उठल्यावर उष्टे काढून जमीन शेणाने सारवायची, हे तुम्हाला मी सांगायला नको. इंदुबाई, काशी, मी आणि आणखी चौघी, आम्ही दिवेलागणीपर्यंत अख्खा माळ झाडून त्यावर शेणकाला फिरवला. इतके स्वच्छ काम झाले की मी यांना मुद्दाम बोलावून दाखवले. हे पाहतच राहिले, आणि मग खालच्या आवाजात म्हणाले, “अगं, बाग कुठाय?”

सोमवारी गवंडी आले. कंत्राट त्याच सिंधी मंडळींतल्या, कॅम्प पाचच्या पारसूमल शेटकडे. नकाशा मुंबईला, शिक्क्याची प्रत वरच्या कचेरीत, रेघा आमच्या शेणाखाली. विष्णुपंतांनी मार्ग काढला की जो जिथे जेवायला बसला होता त्याने तिथे पुन्हा येऊन बसावे. सगळी वाडी आली. “माझ्या डावीकडे इंदुबाईंचे मालक होते, त्यांनी माझा मठ्ठा सांडला,” “मला भात आला नाही म्हणजे मी काजूत होतो,” अशा खुणांवरून जागा ठरत गेल्या. दोघांचे भांडण झाले, कारण दोघेही जिलबी ज्या बाजूने आली त्या बाजूला आपण होतो म्हणत होते. पारसूमल शेट मागून फक्की टाकत फिरत होते. “साईं, मैंने बहुत बंगले बनाए,” ते यांना म्हणाले, “पर ऐसा प्लान नहीं देखा, जिसमें आदमी पहले खाता है, पीछे रस्ता बनता है.” त्यावरून आता पायवाटा खणून झाल्या आहेत. बऱ्याचशा बरोबर असाव्यात, एक तेवढी काशीच्या मिठासारखी परत पहिल्या जागी येते.

पण औदुंबराचे भागत नाही. महिनाअखेर वरच्या कचेरीचे साहेब शिक्क्याची प्रत घेऊन तपासणीला येणार. वाट थोडी इकडेतिकडे चालते म्हणे, झाड चालत नाही. लाकूडतोड्या महिपती रोज कुऱ्हाड घेऊन येतो आणि मी रोज त्याला चहा देऊन उद्यावर घालवते. चहाचा गूळ असा किती दिवस पुरणार? हे वर्तमान तुमच्या कानी असावे. पोरांच्या गालांवरून माझा हात फिरवा, आणि दादांना सांगा की भाऊबीजेला यायचे ते राहिले आहे.

तुमची,
अंजनी

ता. क. – अनंतरावांना सांगाल का, की नकाशात त्या पांढऱ्या जागी पेन्सिलीने एक छोटा गोल काढून खाली सही ठोकावी आणि दुरुस्त प्रत म्हणून इकडे धाडावी? रुपयाएवढा पुरे. त्यांचे मोकळेपण फार जाणार नाही. पत्र यासाठी लिहिले असे समजू नये, पण यासाठीच लिहिले.

दुसरा ता. क. – पत्र पेटीत पडायचे राहिले ते बरे झाले. आज गुरुवार, मी फेऱ्या घालत असता अनंतराव स्वतःच टेप घेऊन आले. त्या कॅमेरावाल्याने झाडाखाली झोपलेल्यांचे चित्र कुठे मोठ्या लोकांना दाखवले आणि सगळ्यांना ते फार आवडले, असे कळले. अनंतराव टेप धरून औदुंबराभोवती फिरू लागले, त्यांच्या मागे मी, माझ्या मागे इंदुबाई आणि बाकीच्या. त्यांनी चारपाच फेऱ्या नक्कीच घातल्या. (त्या त्यांच्या नावावर जमा.) मग तिथेच बसून गोल काढला, सही केली, माझ्या हातचे जेवले आणि म्हणाले की झाड पहिल्यापासून त्यांच्या मनात होतेच. महिपतीला चहा देऊन कायमचे घालवले.

तिसरा ता. क. – आता मात्र लगेच काहीतरी करा. झाड हेच मुख्य ठरल्यामुळे त्याला कोणाचा हात लागू नये म्हणून अनंतरावांनी भोवती कमरेएवढा कठडा काढून दिला आहे, दार न ठेवता. बाहेरून फिरावे तर तीन बाजूंना कठड्याला लागूनच ते काजूचे तळे. म्हणजे औदुंबर वाचला आणि मी पाण्यात. त्यांना सांगा, कठड्याला एक फट ठेवावी. माझ्यापुरती पुरे. (मी दिवाळीपासून थोडी भरले आहे, हे माप तेवढे तुम्हीच बेताने सांगा.)