अंगठाभर खोल चिलीम

थप्. थप्. थप्. ओल्या मातीचा गोळा दगडी पाटावर आपटला की असा आवाज येतो. आई भल्या पहाटे अंगणात माती मळायची आणि मी आत पांघरुणात पडून ऐकायचो. गोळ्यात हवा राहिली असेल तर आवाज पोकळ यायचा, मग आई पुन्हा आपटायची. आवाज भरीव झाला की मी उठायचो. आमच्या घरी घड्याळ फार नंतर आलं.

वकील म्हणाले, सुरुवातीला आपण शुद्धीवर आहोत असं लिहा. ज्याला आईच्या हातचा तो आवाज अजून लख्ख ऐकू येतो तो शुद्धीवरच असणार, असं माझं मत. तरी रीत म्हणून लिहितो: मी, खाली सही करणारा, धंद्याने हुक्क्याच्या चिलमी घडवणारा, गुडघ्यांनी थकलेला पण डोक्याने शाबूत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. धमकावले आहे एकाने, त्याचा उल्लेख योग्य जागी येईल. पण त्याला भिऊन मी काही लिहिलेले वा गाळलेले नाही. माणसांना मी इथे नात्याने आणि धंद्याने संबोधतो, कारण जन्मभर तशीच हाक मारली.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे रस्त्याकडची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि वरचा माळा, माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एक मुलाचे. मधल्या खोलीचे दार दमट हवेत फुगते म्हणून रंधा मारू नये. कोरड्या दिवसांत तेच दार रात्रभर वाजत बसेल. स्वयंपाकघराच्या खिडकीला एक गज कमी आहे. तो चोराने नेलेला नाही. मुलाची आई त्या फटीतून चिलमींची फळी अंगणात सरकवायची, दाराला वळसा घालायचा तिला कंटाळा होता. तिथे नवा गज बसवायचा की नाही ते त्याने ठरवावे. मी असेपर्यंत बसवला नाही.

कलम दुसरे. बँकेत असेल ते मुलाचे. माझा काळा कोट मात्र माझा मित्र शिंपी याला परत द्यावा. त्यानेच शिवला आणि शिवला तेव्हापासून तो त्याच्याच मापाचा आहे.

कलम तिसरे. शेजारच्या वखारवाल्याने मधली भिंत उंच केली आणि आमच्या सुकवायच्या फळीवरचे दुपारचे ऊन गेले. मी सांगायला गेलो तर म्हणाला, "काका, ऊन काय तुमच्या नावावर आहे?" नाही. पण सावली त्याची आहे, हे मी मान्य करतो. तेव्हा माझ्या अंगणात त्याची जेवढी सावली पडते तेवढी त्याने उचलून न्यावी, माझी हरकत नाही.

कलम चौथे. माझे शाळेतले कवितांचे पुस्तक, ज्याला पुढचे पान नाही आणि मागची बरीच नाहीत, ते कोणालाही न देता माझ्या उशाखाली ठेवून माझ्याबरोबर जाऊ द्यावे. सातवीनंतर शाळा सुटली, कविता सुटल्या नाहीत. आमचे मास्तर कविता शिकवताना खिडकीबाहेर बघायचे आणि आम्ही त्यांच्याकडे, म्हणून आमच्यातल्या कोणालाच अर्थ नीट कळला नाही, पण चाली सगळ्या राहिल्या. माती मळताना मी त्या चाली म्हणायचो. पुढे स्वतःही दोन ओळी जुळवल्या:

मातीच्या पोटात राख थोडी जागा,
धुरालाही लागे जायला एक धागा.

बायकोला ऐकवल्या. ती म्हणाली, "धुराला धागा कशाला? तो काय शिवायचाय?" मी म्हटलं, यमकासाठी. म्हणाली, "मग माती मळा. तिला यमक लागत नाही." तरी त्या दिवशी संध्याकाळी चुलीपाशी तीच गुणगुणत होती. मी ऐकलं ते तिला कळू दिलं नाही.

आता कलम पाचवे. बाकीची कलमं मी याच्यासाठी लिहिली असं समजलं तरी चालेल.

अंगण, त्यातली पत्र्याची शेड, भुश्याची भट्टी, मातीचा हौद, दगडी पाट, घोटायचे गोटे आणि भोकं पाडायच्या सायकलच्या तारा, हे सर्व मी माझ्या सुनेला देत आहे. कायद्याने ती आता सून राहिलेली नाही, मुलाचा आणि तिचा घटस्फोट झाला आहे. माझ्या तोंडात दुसरा शब्द येत नाही, म्हणून सूनच लिहितो. वकिलांनी ओळख पटेल असं लिहा म्हटलं: बस थांब्यामागच्या बेकरीत पाव करते ती.

तिलाच का, हे सांगायचं तर चिलीम कशी होते ते सांगावं लागेल. हुक्क्याच्या डोक्यावर जी मातीची वाटी बसते, जिच्यात तंबाखू आणि वर निखारा ठेवतात, ती चिलीम. बाजारात चाकावरची मिळते. आमच्याकडे चाक नाही. तळ्याकाठची माती कुटून, भिजवून, जुन्या चादरीच्या फडक्यातून गाळायची, बारीक रेती मिसळून मळायची. मग गोळ्यात अंगठा रोवायचा आणि डाव्या हाताने गोळा फिरवत राहायचं. अंगठा जाईल तेवढी वाटी खोल. खाली काठीभोवती माती ओढून मान काढायची. सुकताना एक वेळ अशी येते की नखाची खूण उठते पण माती नखाला चिकटत नाही. नेमकी त्या वेळी वाटीच्या तळाला तारेने भोकं पाडायची. आधी पाडली तर बुजतात, उशिरा पाडली तर तडकतात. मग गोट्याने घोटायची आणि भट्टीत.

सगळा खेळ अंगठ्याचा. माझा अंगठा जाड आणि आखूड. माझ्या चिलमीत तंबाखू पसरतो, वरचा जळतो आणि खालचा कच्चा राहतो. आईचा अंगठा बारीक आणि लांब होता. ती गेल्यावर धंदा बसला असता, पण तोवर माझं लग्न झालं होतं, आणि बायकोचा अंगठा आईहून सरस निघाला. गिऱ्हाइकं दारात येऊन विचारायची, "वहिनींच्या अंगठ्याची आहे ना?" मी माती मळायचो, भट्टी लावायचो आणि कविता म्हणायचो.

भोकं पाडणं मात्र कोणा एकाचं काम नव्हतं. वेळ झाली की फळीजवळ जो असेल त्याने पाडायची आणि दुसऱ्याला हाक मारून सांगायचं. "पाडली गं." "पाडली हो." एकदा आमच्यात अबोला होता. कशावरून ते आठवत नाही, तिला आठवलं असतं. दोघांनीही फळीकडे बघितलं, दोघांनाही वाटलं की दुसऱ्याने पाडली, रागात सांगितलं नसेल. अख्खी भट्टी बिनभोकांची निघाली. अशा लालबुंद, तुकतुकीत चिलमी आम्ही पुन्हा कधी केल्या नाहीत. हुक्केवाला माल न्यायला आला, एक उचलून त्याने ओढून बघितली. त्याचे गाल आत गेले ते बाहेर येईनात. मग म्हणाला, "वहिनी, चिलीम उत्तम आहे. धूर आत घेते आणि घरीच ठेवते." ही पदर तोंडाला लावून इतकी हसली की अबोला तिथेच संपला. त्या चिलमींत पुढे कितीतरी दिवस आमच्या गल्लीने मीठ, बटणं आणि सुया ठेवल्या.

माझ्या मुलाला मातीची ओढ नव्हती. त्यात त्याचा दोष नाही. त्याला गाड्या आवडल्या, तो गाड्या विकतो, चांगल्या विकतो. त्याची बायको मात्र घरात आली आणि सासूशेजारी बसून तिने सहज गोळ्यात अंगठा घातला. हिने ती चिलीम हातात घेतली, उलटीसुलटी केली.

"सूनबाई, अंगठा कोणाचा उसना आणलास?"

"तुमचाच असेल आई. माप घ्यायला कोणी आलं होतं, पण मला वाटलं बांगडीवाला."

त्या दोघी दिवसभर अशाच बोलायच्या. शेडमध्ये मला कविता म्हणायला जागा उरली नाही आणि त्याची मला तक्रार नव्हती.

मुलाचं आणि तिचं पटलं नाही. कोणाचं चुकलं हे मृत्युपत्रात लिहायची गोष्ट नाही, मला कळलेलीही नाही. ती घर सोडून गेली, पण ही अंथरुणाला खिळली तेव्हा मागच्या दाराने रोज येत राहिली. शेडमध्ये चिलमी करायची आणि एक एक आणून हिच्या हातात द्यायची. ही तळावर बोट फिरवून सांगायची, "जरा अजून खाली." शेवटी शेवटी काही सांगायची नाही, नुसती हातात धरून ठेवायची. ही गेली आणि लोक बोलायला लागले, की सोडलेल्या बाईचं सासरी काय काम. तेव्हा ती यायची थांबली. तेव्हापासून भट्टी थंड आहे.

मुलाला शेडच्या जागी गॅरेज हवं आहे. त्याला मी फोनवर या कलमाचा कच्चा खर्डा वाचून दाखवला.

"बाबा, घर मला आणि अंगण तिला? लोकांना मी काय सांगू?"

"सांग की म्हातारा चळलाय."

"चळलेल्या माणसाचं मृत्युपत्र टिकत नाही. मी कोर्टात जाईन, आत्ताच सांगतो."

धमकी म्हटली ती हीच. तेव्हापासून तो घरी आलेला नाही. सुनेला मी निरोप धाडला तर तिचं उत्तर आलं, "बाबा, भांडण लागणार असेल तर मला नको. तुमच्या मागे मी तुमच्या मुलाशी भांडणार नाही." वकील म्हणाले, मृत्युपत्र टिकेल हो, पण खटला वर्षानुवर्षं चालेल. खटला चालेल, पण हौदातली माती कोरडी पडेल, आणि तिच्या हातातली सवयही. मग गॅरेज होईल आणि आईपासून चालत आलेली चिलीम माझ्यापाशी संपेल. हे सगळं ठाऊक असूनही मी हे कलम लिहीत आहे, कारण दुसरं काही लिहिलं तर ते माझं मृत्युपत्र होणार नाही, मुलाचं होईल. मुलाला माझी विनंती आहे, आज्ञा नाही: भांडू नकोस.

कलम सहावे. माझ्यामागे कोणी भाषण करू नये. शिंप्याला करायचं असेल तर त्याला चहा देऊन गप्प बसवावे.

येणेप्रमाणे मृत्युपत्र पुरे झाले. साक्षीला शिंपी समोर बसला आहे. दुसरे साक्षीदार औषधाच्या दुकानवाले, त्यांची वाट बघत आहोत.

इथवर लिहिलं आणि दार वाजलं. मृत्युपत्रात असलं लिहीत नाहीत हे मला माहीत आहे. पण शिंपी म्हणतो, लिही, कागद तुझा आहे.

दारात मुलगा होता.

शिंपी म्हणाला, "ये. की आत यायलाही वकील लागतो तुला?"

मुलगा हसला नाही. आला, उभ्यानेच सगळे कागद वाचले. हुक्केवाल्याच्या गालांपाशी थांबला, पुन्हा वाचलं, मग शेवटपर्यंत गेला.

"ती काल माझ्याकडे आली होती," तो म्हणाला. "तिला काही नको असं लिहून द्यायला. म्हणाली, घे शेड, पण बाबांशी बोलणं टाकू नकोस." त्याने कागद माझ्यासमोर ठेवले. "वकील ठरवून ठेवला होता मी. आता भांडू कोणाशी? दुसरा साक्षीदार कोण आहे?"

"औषधवाले. यायचेत."

"पेन द्या. बाबा, आधी तुम्ही सही करा."

शिंपी उठला. "अरे थांब. मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. तुझं घर अडचणीत येईल. आणि एकदा साक्षीला सही केलीस की उद्या कोणत्या तोंडाने म्हणणार, हे खोटं आहे?"

"ते म्हणता येऊ नये म्हणूनच करतोय, काका. घराचं बघू मग."

माझ्या डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून पुढच्या सह्या थोड्या वरखाली झाल्या असतील. त्या खऱ्या आहेत.

मृत्युपत्र करणार: चिलीम घडवणारा (सही)

साक्षीदार पहिला: मित्र, शिंपी (सही)

साक्षीदार दुसरा: मुलगा (सही)

ठिकाण: राहते घर, रस्त्याकडची खोली. तारीख तिघांनी आपापल्या सहीखाली स्वतःच्या हाताने घातली आहे.