सात नंबरची पाचर

मंगळवार, १२ मार्च

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही, म्हणजे मी आणि माझा गुडघा, बरे आहोत.

तुझं दुसरं ऑपरेशन नीट झालं असं आत्याने कळवलं. जेवण जातं का? डावा हात उशीवर उंच ठेवतेस ना? डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. आत्या बसल्या बसल्या पेंगते, तिच्या भरवशावर राहू नकोस. आणि हे पत्र तिच्याकडून वाचून घेऊ नकोस, तू एकटीने वाच. फोनवर तू "बरी आहे" म्हणतेस, मी "बरं बरं" म्हणतो, की संपलं. म्हणून लिहायला बसलो. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं पत्र आहे, सांभाळून घे.

तुझ्या भरपाईसाठी आज वकीलबाईंकडे जाऊन आलो. कोर्टाच्या मागे मोफत सल्ल्याचं ऑफिस आहे, दोन टेबलं आणि एक कुरकुरणारा पंखा. बाई तुझ्याच वयाच्या. मी आत गेलो आणि उभाच राहिलो. त्या म्हणाल्या, "काका, खुर्ची तुमच्यासाठीच आहे." काय लागेल कोणास ठाऊक म्हणून मी घरातले सगळेच कागद पिशवीत भरून नेले होते. लाईट बिल निघालं, त्याखालून तुझं शाळेचं प्रगतिपुस्तक निघालं.

"हे कशाला आणलंत?"

"म्हटलं, लागलं तर असावं. गणितात बरी होती."

त्या हसल्या, पण प्रगतिपुस्तक नीट घडी करून परत दिलं. मला धीर आला. त्यांनी समजावलं की कामावर इजा झाली तर भरपाई हा कामगाराचा हक्क आहे, कुणी उपकार करत नाही. फी नाही. मी म्हटलं, मग भानगड काय? तर म्हणाल्या, "भानगड कंपनीच्या उत्तरात आहे," आणि ते वाचून दाखवायला लागल्या.

प्रेस नंबर सात. दोन बटणं, दोन हातांनी एकदम दाबली तरच साचा खाली येतो, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहतात. कामगार महिलेने एका बटणात लाकडी पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवलं, मग एका हाताने बटण आणि दुसऱ्या हाताने पत्रा, असं काम केलं, आणि त्यात तिची तीन बोटं गेली. सुरक्षेची सोय तिने जाणूनबुजून मोडली, सबब कंपनी देणं लागत नाही.

इथपर्यंत मी ऐकून घेतलं. कंपनी हात वर करणार हे ठाऊक होतं. मग बाईंनी मागचं पान उलटलं. "आणि हा तुमच्या मुलीचाच जबाब. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी वॉर्डात घेतलेला. 'पाचर मी माझ्या हाताने बनवली. मला कुणी दिली नाही, कुणी सांगितलं नाही.' खाली सही आहे."

ठके, कारखान्यात सगळी मशिनं एकदम बंद पडली की कसं कान दडपल्यासारखं होतं, तसं झालं. बाईंचे ओठ हलत होते. पंखा फिरत होता. मला काहीच ऐकू येत नव्हतं. सही मात्र दिसत होती, तुझीच होती, पहिल्या अक्षराला शेपूट काढलेली.

मग त्यांनी दुसऱ्यांदा विचारलेलं ऐकू आलं. "काका, तुमच्या मुलीला सुतारकाम येतं?"

मी "येतं" म्हणालो.

का म्हणालो ते आत्ता लिहीत नाही. डोळ्याला पाणी यायला लागलंय, ती मोतीबिंदूची भानगड असेल. उद्या पुरं करतो.

बुधवार, दुपार

डोळ्याला काही झालेलं नाही.

तुला सुतारकाम येत नाही. तुला साधी पेन्सिल तासता येत नव्हती, दहावीपर्यंत मी पटाशीने तासून देत होतो. कारखान्याचा सुतार मी. पाचर मी केली. हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि दीड महिना आपण दोघं फोनवर "बरी आहे, बरं बरं" करत बसलो.

पण एक गोष्ट तुलाही ठाऊक नाही, ती ऐक. आपल्या सुपरवायझरने, त्या घड्याळ्याने, दिवाणजीसारखं कानाला पेन लावून मला सांगितलं होतं, "म्हातारबा, माल वाढवायचाय. वीस मशिनांना वीस पाचरी." मी घाईत एकोणीस केल्या, जुन्या खोक्यांच्या फळ्यांच्या. त्या खडबडीत होत्या. मशिनच्या धक्क्याने तासाभरात सैल होऊन गळून पडायच्या, बायका शिव्या घालत पुन्हा ठोकायच्या. विसावी तुझ्या मशिनची. म्हटलं, पोरीला कुसं टोचायला नकोत. चांगलं सागाचं लाकूड शोधलं, घासून गुळगुळीत केलं, घट्ट बसावी म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, सात आकडा कोरला. तू म्हणालीस, "बाबा, ही पडतच नाही!" आणि मी मिरवलो.

ती पडायला हवी होती, ठके. तुझा हात आत होता तेव्हा दुसरी कुठलीही पाचर असती तर कदाचित पडली असती, आणि साचा खाली आलाच नसता.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. घड्याळ्या अपघातानंतर आठ दिवसांनी येऊन दारातूनच म्हणाला, "म्हातारबा, ही खोली कंपनीची आहे, एवढं ध्यानात असू दे." तेव्हा मी मान हलवली. तुझ्या वॉर्डातही तो असंच काहीतरी बोलला असणार. बाप म्हातारपणी कुठे जाईल, असंच ना? आणि तू बोटं गेलेल्या तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यावरचं छप्पर सांभाळत बसलीस. अगं, खोलीत आहे काय? एक खाट आणि ढेकूण.

आज सकाळी ऑफिस उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसलो. बाई आल्यावर म्हटलं, "काल मी खोटं बोललो." त्या म्हणाल्या, "मला कळलं होतं. तुमच्या हातांवर पटाशीचे वण आहेत. तुम्ही परत याल की नाही, तेवढंच कळत नव्हतं."

मी सगळं सांगितलं. मग पिशवीतून पुठ्ठ्याचा तुकडा काढला. मी मापाचा कागद कधी फेकत नाही, तू मला त्यावरून किती हसायचीस. घड्याळ्याच्या हातचं आहे त्यावर: "पाचरी २०, मशीन १ ते २०, सोमवारपर्यंत." खाली त्याची सही. बाई खुर्चीतून उठल्याच. पुठ्ठा दोन्ही हातांनी धरून पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "काका, हे काल प्रगतिपुस्तकाच्या खालीच होतं?" मी म्हटलं, "होतं."

माझा जबाब लिहून झाला. कारकुनाने विचारलं, धंदा? मी सुतार म्हणालो. कंपनीतून अजून काही निरोप नाही, येईल तेव्हा बघू. आत्याच्या माळ्यावर मला जागा होईल का, तेवढं तिला हळूच विचारून ठेव.

आता तुझं. वकीलबाई शुक्रवारी तुझ्या वॉर्डात येतील. पहिला जबाब दबावाखाली दिला असं तुला स्वतः सांगावं लागेल, तरच दावा उभा राहील. माझ्या एकट्याच्या सांगण्याने भागणार नाही. माझ्याकडे बघू नकोस. पाचर कुणी केली असं विचारलं की माझं नाव घे. मोठ्याने घे.

आत्याच्या ओळखीच्या माणसाबरोबर पाकीट पाठवतो आहे. त्यात चार पेन्सिली आहेत, तासलेल्या. उत्तर लिहायला लागतील.

जबाबावर केली तीच वेडीवाकडी सही इथे करतो.

तुझा बाप,
ज्याने सात नंबरची पाचर केली