मी टायपिंग सोडलं त्या वर्षाबद्दल

बाबा,

परवा लेक घरी आली होती. तिला नोकरी सोडून नवं काही शिकायचंय. दोन-तीन कोर्सची पत्रकं तिनं माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, तुम्हीच सांगा कोणता घेऊ. मी ती पत्रकं नुसती उलटसुलट करून पाहिली. तुम्ही हवे होतात, एवढंच वाटत राहिलं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. कापसाच्या जिनिंग कारखान्यात माझे सहा हंगाम झाले होते. कापूस संपला की काम संपायचं, मग दिवाळीपर्यंत मी पुलगावच्या घरात रिकामा. तुम्ही रेल्वेतून नुकतेच निवृत्त झालेले, लेक पाळण्यात. एका सकाळी आई चुलीपुढे भाकरी थापतेय, तुम्ही भिंतीला टेकून चहा पिताय. मी म्हटलं, ट्रक चालवायला शिकतो. तुम्ही कप खाली ठेवला. "गाडी दुसऱ्याची राह्यते," तुम्ही म्हणालात. "टायपिंग शिक. खुर्चीवर बस."

यामागे काय होतं, ते मला ठाऊक होतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेण्याआधी गावातली मेलेली ढोरं तुम्हाला ओढायला लागायची. दीक्षा घेऊन आलात आणि त्या कामाला पुन्हा हात लावला नाही. त्यापायी गाव सोडावं लागलं, तरी नाही. हे तुम्ही मला एकदाच सांगितलं होतं. मी वर्ध्याला टायपिंगच्या क्लासला जाऊ लागलो. परीक्षा पास झालो तेव्हा तुम्ही माझ्यासाठी पांढरा शर्ट शिवून आणलात. बाह्या थोड्या लांब होत्या.

तोच शर्ट घालून मी वर्ध्याजवळच्या कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात कारकुनाच्या जागेसाठी गेलो. बाकावर बसलो होतो, तर समोरून एक मजूर बाई चालत आली. तिच्या मागं फरशीवर रक्ताचे ठसे. चपलेतला खिळा तळव्यात घुसला होता आणि तिला पत्ताच नव्हता. पाय बधिर. चपला बनवणाऱ्या मिस्त्रीनं खिळा काढला, नर्सनं जखम बांधली. मग मिस्त्रीनं तिचा दुसरा, चांगला पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. मऊ रबराची, एकही खिळा नसलेली चप्पल तिथं बनते, हे मला त्या दिवशी कळलं. कारकुनाची जागा भरली गेली होती. चपला बनवायचं वर्षभराचं शिक्षण मिळेल, पुढं कामही मिळेल, असं दवाखान्याचे साहेब म्हणाले. मी तिथल्या तिथं हो म्हटलं.

घरी येऊन सांगितलं, दवाखान्यात नोकरी लागली. तुम्ही विचारलंत, "ऑफिसात?" मी हो म्हणालो. त्यानंतर स्टेशनवर भेटेल त्याला तुम्ही सांगायचात, पोरगं ऑफिसात आहे.

वर्ष उलटून गेलं. एक दिवस मी डबा विसरलो आणि तुम्ही पॅसेंजरनं तो घेऊन आलात. गेटवरच्या माणसानं तुम्हाला सरळ आमच्या खोलीच्या दारात आणलं. मी जमिनीवर बसलेलो, हातांना पट्ट्यांच्या चामड्याचा वास, मांडीवर एका म्हाताऱ्या बाईचा पाय. वर पाहिलं तर तुम्ही. तुम्ही दाराशी डबा ठेवलात आणि वळून गेलात. मी उठलो नाही. तिचं माप अर्धंच झालं होतं.

संध्याकाळी घरी मी तुमच्या बोलण्याची वाट पाहत बसलो. जेवण झालं. हात धुताना विचारलंत, "त्या बाईचा पाय बरा होईन का?"

"चप्पल घालत राह्यली तर जखम पुन्हा होणार नाई," मी म्हणालो.

तुम्ही मान हलवलीत. त्या विषयावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. मात्र त्यानंतर तुम्हाला लोकांना सांगताना मी ऐकलं, "पोरगं दवाखान्यात हाये." ऑफिस हा शब्द तुम्ही गाळला होता. तुम्ही चिडला होतात की समजून घेतलं होतंत, हे मी विचारायला हवं होतं. पुढच्या थंडीत तुम्ही गेलात.

सव्वीस वर्षं मी ते काम केलं, बाबा. आता दवाखान्यावरून जाताना एखाद्या बाईला तसल्या चपलेत शेताकडे सरळ चालत जाताना पाहतो, तेव्हा तुम्ही शेजारी असावंत असं फार वाटतं. लेकीला काय सांगू, ते अजून ठरत नाही. हे पत्र तिलाही दाखवणार नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तुम्हाला दुःख होऊ नये म्हणून खोटं बोललो. ते खरं नाही. त्या कामाची लाज तेव्हा मलाच वाटत होती.