ताटावर आडवा हात

प्रिय बाबा,
जय भीम.

आज कॉलेजतर्फे मी मुकुंदवाडीच्या बेघर निवाऱ्यात जेवण वाढलं, आणि अजून माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत. तिथं रोज ताट घेऊन रांगेत उभं राहायचं, पळीभर वरण पडलं की पुढं सरकायचं. मी तिथल्या मॅडमना म्हटलं, आज पंगत बसवू. मग गावच्या लग्नात तुम्ही बादली घेऊन फिरायचा ना, तशीच फिरले. "घ्या हो, माझ्या हातचं घ्या." तिसऱ्या फेरीला तिथं राहणाऱ्या पुंडलिक आजोबांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. "बास पोरी, लई झालं," म्हणाले आणि हसले. मॅडम म्हणाल्या, इथं 'बास' मी पहिल्यांदा ऐकलं.

तुम्ही घर सोडून गेल्याला चार वर्षं झाली. पाकिटावर पत्ता काय लिहू, कळत नाय, म्हणून हे पत्र वहीतच ठेवते. आता दर रविवारी मी वाढायला जाणार आहे. एखाद्या रविवारी तुम्ही त्या पंगतीत बसलात, तर ताटावर कितीही हात धरा, मी वाढणारच.

तुमचीच हट्टी,
रूपाली