माणूस हवाली करण्याआधी

बा, तुला पत्र म्हणजे गंमतच आहे. मला लिहिता येत नाही, तुला वाचता येत नव्हतं. मी बोलते, नात कॉम्प्युटरवर उतरवते आणि मधेच "स्लो, आजी" म्हणते. लेकानं मला अमेरिकेत, सनीव्हेलला आणून ठेवलंय. इथल्या गावाला वेस नाही, वेस राखणारा येसकर म्हणून तू उपाशी मेला असतास.

खालच्या मजल्यावर हाँगकाँगची बाई राहते. परवा कपडे धुवायच्या खोलीत मशीनला टेकून रडत होती. तिचा भाऊ तिकडे छापखाना चालवतो, सरकारला टोचेल असलं छापतो. या उन्हाळ्यात इंग्रज जाणार, चीनचा अंमल येणार. भावाला धरून बीजिंगला दिलं तर? ही म्हणते निघून ये, तो हलत नाही. माझी नात वकिलाच्या ऑफिसात काम करते, म्हणून तिला खाली बोलावलं; बाईचं इंग्रजी मला आणि माझं मराठी बाईला तीच सांगत होती.

"माणूस दुसऱ्या देशाला द्यायचा कायदा आजवर राणीचा होता," नात म्हणाली. "राणीबरोबर तोही जाणार. म्हणून त्याआधीच हाँगकाँगवाले स्वतःचा कायदा पास करतायत. कोर्टात उभं केल्याशिवाय द्यायचं नाही. राजकारणापायी मागितला तर नाहीच."

"आणि बीजिंगनं मागितला तर?" बाईनं विचारलं.

"बीजिंग त्या कायद्यात नाहीच. म्हणजे द्यायची वाटच नाही."

"म्हणजे न्यायला दार नाही, की अडवायला भिंत नाही?" मी विचारलं. नात म्हणाली, "आजी, यू शुड हॅव बीन अ लॉयर."

मग तुझी गोष्ट सांगितली. आपलं गाव इंग्रजांचं, ओढ्यापलीकडे निजामाचं राज्य. तिकडून पळालेला माणूस धरायचा, शिवेवर न्यायचा आणि दोरी पलीकडच्या येसकराच्या हातात द्यायची, हे तुझं काम. एका सकाळी निजामाचे दोन शिपाई येतात, तिकडून पळालेला एक पोरगा मागतात. तो आपल्या ओसरीवर भाकरी खातोय. मी म्हणते, देऊन टाक की बा, आपला थोडाच आहे. तू माझ्याकडे वळून बघतोस. "माणूस म्हणजे चुकलेलं वासरू नाही, मालक आला की सोडून द्यायला." शिपायांना म्हणतोस, "गुन्हा काय ते पाटलापुढं सांगा. पाटील म्हणंल तर दोरी बांधतो." त्यांना सांगता येईना. शिव्या देत गेले. पाटलानं उलट तुलाच झापलं, पण पोरगा वाचला.

बाईनं भावाला फोनवर हे सगळं सांगितलं म्हणे. तो हसला आणि म्हणाला, मी इथंच राहतो. ती आता त्याला ये म्हणत नाही. त्याचं बरं होईल की नाही, मला ठाऊक नाही. पण तुझ्याकडून एवढं मिळालं म्हणून तिच्याजवळ बसून तरी राहता आलं. एरवी नुसत्या कपड्यांच्या घड्या केल्या असत्या.

हे कुठं पाठवायचं नाही, नातीला सांगितलंय. एक मात्र तुला सांगते. नातीनं इंग्रजीत काय सांगितलं कोण जाणे, बाई तुला गावचा न्यायाधीश समजते. नात दुरुस्त करायला निघाली होती. मीच तिचा हात दाबला.