पाणी नव्हे, खत

७ डिसेंबर
पहिलं किलोभर खत तयार. खरी किंमत: सहा ड्रम, जयश्रीची एक साडी आणि शेजारच्या नत्थूजींचा रामराम. सौसरच्या लग्नात, मांडव-खुर्च्या भाड्यानं देणाऱ्या आमच्या बिछायत केंद्राच्या मुतारीखाली ड्रम लावले होते. त्यात मॅग्नेशियम टाकलं की तळाशी पांढरी भुकटी बसते. गाळायला बायकोची जुनी साडी घेतली. ती नवी निघाली.
नत्थूजी पानठेल्यावर म्हणाले, सरका, मूतशेट येऊन राहिले. माझे कान तिखट. ‘शेट’ म्हणाले, हे महत्त्वाचं.

११ डिसेंबर
तिगाव. साळा हेमराजनं ट्रायलला संत्र्याची वीस झाडं दिली. बहार साधला तर त्याची सगळी बाग माझ्या खतावर. मग बिछायत बंद. जन्मभर लोकांच्या लग्नात खुर्च्या उचलल्या, आता पाठ नाही म्हणते.
हेमराज म्हणाला, भाऊजी, बाग ताणावर हाये. मी सांगतपर्यंत थेंबभर पाणी नका देऊ, झाड तहानलं तरच फुलते. झाडांना बोर्ड लावू का, म्हणे. म्हटलं, माझी झाडं ओळखायला बोर्ड लागणार नाही.

१५ डिसेंबर
भुकटी काढून उरलेलं पिवळं पाणी, सहा ड्रम. त्यातही नत्र आहे. फेकवत नाही. जयश्री म्हणते, घरी पाहुणे येऊन राहिले, ड्रम नाहीतर तुम्ही, एक कोणी बाहेर. संकल्प: काही वाया जाऊ द्यायचं नाही.

१८ डिसेंबर
हेमराज गावाला गेला. सहाही ड्रम साधं पाणी मिसळून वीस झाडांना दिले. तो पाण्याला नाही म्हणाला होता. हे पाणी नव्हे, खत. कंबर गेली.

५ जानेवारी
जिंकलो! माझी वीस झाडं पोपटी पालवीनं भरली. त्याची बाकीची मलूल. हेमराजनं पालवी पाहून कपाळाला हात लावला. भारावला असावा. विहिरीमागून फोनवर जयश्रीला म्हणत होता, ताई, भाऊजीले खुर्च्याच मोजू दे. बागाईतदार लोक, कौतुक सरळ करत नाहीत.

१२ फेब्रुवारी
उद्या सावरगावला लग्न, खुर्च्या पोचवायच्या आहेत. जाताजाता तिगावला डोकावलो. रस्त्यावरूनच वास आला. सगळी बाग फुलांनी पांढरी. वीस झाडांवर नुसती पानं.
बोर्ड लागला नाही.