लॉबीतला ओटा

आये, आज सकाळी तुझ्या ओट्यावर कुत्रा बसलेला पाहिला. भटका नव्हे. अंगात स्वेटर, गळ्यात घुंगरू, आणि मालकीण शेजारी उभी राहून त्याला बिस्किट भरवतेय. भटका असता तर मला एवढी किळस आली नसती. मार्केटातला कुत्रा ओट्याखाली बसायचा, त्याला आपली पायरी ठाऊक होती.

तू गेल्यावर बोरिवलीचं आपलं मार्केट पाडलं. तुझी सासू तिथे चिंचेखाली मातीत पाटी मांडून बसायची. मग पत्र्याची शेड आली, काळ्या दगडाचे ओटे आले, आणि सासूचा ओटा सुनेला, तिचा तिच्या सुनेला, तुझा मला, असं चालत राहिलं. घरं-होड्या पुरुषांच्या नावावर, ओटा मात्र बायकांचा. आता त्या जागेवर टॉवर आहे आणि आम्ही त्याच्या पोटात, पार्किंगच्याही खाली. स्टीलची चकचकीत टेबलं दिलीत. वरच्या गाड्यांचा धूर आमच्या नाकात जातो, गटाराचं पाणी उलटं येऊन पायांत खेळतं, आणि त्या पाण्यात उभं राहून आम्ही सुरमई कापतो. गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून येतं नि म्हणतं, तुमच्या मासळीला वास मारतो. मासळीला नाही, बाबा, तुमच्या गटाराला! चोर तो चोर, वर शिरजोर. पुढे माझी सून बसायची म्हणते, तर तिला मी काय देऊ? स्टीलचं टेबल?

वासावरून आठवलं. मी मालवणी गिरणीकामगाराची मुलगी, मासे खायला पुढे आणि विकायला लाजणारी. तुझ्या मुलाशी लग्न करून मनोरीच्या कोळीवाड्यात आले आणि तू मला होडीतून, बसमधून सोबत नेऊन ओट्यावर बसवलंस. पहिल्या दिवशी घरी आल्यावर मी मोरीत बसून लिंबाने हात घासतेय, घासतेच आहे. तू चुलीपाशी बोंबील तळतेयस. तव्यावरची नजर न काढता म्हणालीस, "कशाला घासतंस गो एवढा? या वासानंच घर चाललंय आपला. त्याची माफी कुनाची मागायची नाय." मग उठून माझ्या हातातलं लिंबू घेतलंस आणि ते बोंबलांवर पिळलंस. मला रडू येत होतं, पण जेवले पोटभर. दुसऱ्या दिवशी मार्केटात तू आपला कोयता माझ्या हातात दिलास आणि स्वतः मागे सरून बसलीस.

त्या कोयत्याने पडलेल्या खाचेवरूनच मी आज ओटा ओळखला. गटाराची तक्रार करायला वर ऑफिसात निघाले होते, काखेत टोपली तशीच. लॉबीत गार हवा, कसलातरी गुलाबी वासाचा फवारा, कोपऱ्यात कुंडी आणि कुंडीपाशी तुझा ओटा. घासून, पॉलिश करून, बाकडं म्हणून ठेवलेला. वर पितळी पाटी, जुन्या बाजाराची आठवण म्हणे. दगड ठेवला आणि माणसं तळघरात घातली! उलटी यावी असा तो गुलाबी वास होता, आये. माशाच्या पाण्याला मी कधी नाक धरलं नाही, त्याला धरलं.

कुत्रेवाली म्हणाली, "आंटी, प्लीज, फिश घेऊन इकडून नका ना जाऊ. स्मेल राहतो."

मी कुत्र्याला हाताने खाली सारलं, टोपली ओट्यावर ठेवली आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसले, तू बसायचीस तशी. बाई किंचाळली. वॉचमन धावत आला. कोकणातलाच पोरगा, येता-जाता माझं बोलणं ऐकलेला, सरळ मालवणीत शिरला.

"मावशे, उठ गे. माजी नोकरी जातली."

"माझ्या सासूचो ओटो आसा ह्यो."

"आसतलो गे. पण उठ."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, की माझ्याच, कोण जाणे. मी उठले. त्याची नोकरी घालवून मला काय मिळणार होतं? टोपली काखेत मारली, कुत्रेवालीकडे असं पाहिलं की ती भिंतीला टेकली, आणि ताठ मानेने तळघरात आले. बाकीच्या बायकांना मी इथपर्यंतच सांगितलं. त्या टाळ्या देऊन हसल्या. संध्याकाळपर्यंत माझंच कौतुक चाललं होतं.

हा कागद कुठे धाडायचा नाही, तू वाचायला नाहीस, म्हणून राहिलेलं लिहिते. टोपली उचलली तेव्हा तिच्याखालचं पाणी दगडावर गळलेलं होतं. निघण्याआधी मी खाली वाकले आणि ते माझ्या पदराने पुसलं. कोणी सांगितलं नव्हतं. पुसून झाल्यावर वास राहिला का, तेही हुंगून पाहिलं.